लाँचचं अस्तर

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी हौसाआक्कांचं नाव सांगतो. आईवडिलांचं ऋण असतंच, ते सांगायचं नसतं. पण आक्का माझ्या कुणीच नव्हत्या. ना भावकीतल्या, ना गावच्या. त्यांचं माहेर कडेगावकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. सासर कोयनेच्या जलाशयाच्या पार आतल्या काठावरचं. तिथं तेव्हा एसटी जात नव्हती, आणि मोबाइलला रेंज हवी असेल तर देवळामागचं टेकाड चढावं लागायचं. मी वडूजचा, कोरडवाहू मुलखातला. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो. तो कसा झालो हे माझ्या मुलीला मी पुष्कळदा सांगितलं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तोंडानं सांगताना माझं बोलणं अडतं, म्हणून ते इथं लिहितो आहे.

आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, वडूजला कुशनचं दुकान होतं. दुकान म्हणजे स्टँडमागची पत्र्याची शेड. जीपच्या सीटा, ट्रकच्या केबिनचं आतलं अस्तर, ट्रॅक्टरची छतं, असं सगळं काम तिथं चालायचं. शेडमध्ये दिवसभर चिकटवायच्या सोल्यूशनचा गोडसर वास भरलेला असायचा आणि आबांच्या जुन्या मशीनचा खडखडाट. मशीन थांबलं की आई घरातून हाक मारायची, जेवायला आलात का म्हणून. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, कधी कांद्याची पात. आमच्याकडे उन्हाळ्यात धूळ अशी उठते की ताटावर दुसरं ताट झाकून जेवावं लागतं. आबांची सगळी कारागिरी या धुळीशी भांडण्यात गेली. केबिनचं काम संपलं की ते ड्रायव्हरला म्हणायचे, "जा, एक फेरी मार मातीच्या रस्त्यानं." ट्रक परत आला की ते खिशातलं पांढरं फडकं काढून आतून छत पुसायचे, दारांच्या कडा पुसायचे. फडकं पांढरं राहिलं तरच पैशाची गोष्ट. काळं झालं तर सगळं उचकटून पुन्हा. "धूळ आत गेली म्हंजे कुशनवाला मेला," हे त्यांचं वाक्य. मी लहानपणापासून एकच गोष्ट शिकलो होतो : फट बुजवायची. कुठंही फट दिसली की माझा हात आपोआप लांबीच्या, म्हणजे फटीत भरायच्या लुकणाच्या, डब्याकडे जायचा.

बारावीनंतर मी साताऱ्याला कॉलेजात गेलो. इतिहास विषय घेतला होता. दुपारी तास संपले की स्टँडजवळच्या एका कुशनच्या दुकानात काम करायचो, त्यावर खोलीचं आणि खानावळीचं भागायचं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्याच आठवड्यात हौसाआक्का त्या दुकानात आल्या. उंच, काटक बाई, काष्ट्याचं लुगडं, खांद्यावर नायलॉनची पिशवी. त्यांना त्यांच्या लाँचचं आतलं अस्तर बदलून हवं होतं, बाजूच्या भिंतींचं आणि छताचं. आमच्या मालकांनी हात झटकले. इतक्या लांब, पाण्यापलीकडे, कोण जाणार?

आक्का उठल्या नाहीत. माझ्या हाताकडे बघत बसल्या. मी एका जीपच्या छताला रेक्झिन ताणत होतो.

"तुला जमंल का रं?" त्या मला म्हणाल्या.

"मला सुट्टी हाय," मी म्हणालो. "पण लाँच मी कवा बघितली न्हाई."

"जीप बघितलीयास न्हवं? तिला चाकं असत्यात, हिला न्हाईत. येवढाच फरक."

आमचे मालक हसले. मीसुद्धा हसलो. नंतर कित्येक वर्षं मला त्या हसण्याची लाज वाटत आली.

लाँच जुनी होती. आक्कांचे यजमान फौजेत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोकण किनाऱ्यावरून ती विकत घेतली, ट्रकवर घालून घाट चढवून आणली आणि जलाशयात सोडली. चाळीसएक माणसं बसतील एवढी, लाकडी, वर छप्पर, दोन्ही बाजूंना खिडक्या. हवालदार दोन वर्षांपूर्वी गेले होते. आता लाँच त्यांचे धाकटे भाऊ तात्या चालवायचे आणि तिकिटं आक्का फाडायच्या. दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं, अडलेली बाई, नवरानवरी, तांदळाची पोती, सगळं त्या लाँचमधून पलीकडे जायचं. पण आतलं अस्तर पार गेलं होतं. छताचा हार्डबोर्ड पोट सुटल्यासारखा खाली लोंबत होता आणि भिंतींच्या कडेच्या पत्र्याच्या पट्ट्या माणसांचे सदरे फाडत होत्या. तपासणीचे साहेब बजावून गेले होते : उन्हाळा संपायच्या आत आतलं सगळं नीट झालं नाही तर प्रवासी न्यायची परवानगी मिळणार नाही. आणि ती लाँच सोडली तर आक्कांकडे दोन भातखाचरं आणि एक म्हैस एवढंच होतं.

मी दोन महिने त्यांच्या घरी राहिलो. घर पाण्यापासून शंभर पावलांवर. पहाटे पहिल्यांदा ऐकू यायची ती काठावर आपटणाऱ्या पाण्याची चुळचुळ, मग म्हशीची साखळी, मग जात्याच्या जागी आलेली आक्कांची छोटी गिरणी, तिचा घुर्र आवाज. वडूजच्या पोराला ते पाणी आधी भीतीच घालत होतं. रात्री झोपताना मी पाण्याकडे पाय करायचो नाही. नाचणीची भाकरी मला पहिल्या आठवड्यात घशाखाली उतरेना. आक्कांनी ते पाहिलं आणि बाजाराच्या दिवशी पलीकडून दोन शेर ज्वारी घेऊन आल्या. "घे तुझी पांढरी भाकर," म्हणाल्या, "पर कालवण आमचंच खायाचं." कालवण म्हणजे तळ्यातले मासे आणि आमसूल, नाहीतर कोवळ्या फणसाची भाजी. करवंदं पिकली तेव्हा टोपलीभर करवंदं लाँचमध्ये माझ्या हाताशी असायची आणि रेक्झिनवर डाग पडू नयेत म्हणून मी ती खाली मान घालून, गुरासारखी, थेट टोपलीतून खायचो. तात्यांना त्याचं लय हसू यायचं.

एका संध्याकाळी आक्कांनी विचारलं की तिसऱ्या वर्षाचा फॉर्म कधी भरायचा. मी सांगितलं की भरणार नाही. आबांची नजर अधू झाली होती, सुईत दोरा ओवता येत नव्हता. दोन वर्षं शिकलो, पुष्कळ झालं. आता दुकान बघायचं. आक्का भाकरी थापत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

"येक वरीस राहिलंय न्हवं?"

"व्हय."

"मग आर्धी शिवलेली सीट तुजा बा गिऱ्हाइकाला देतो का?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हुकूम काढला. लाँचच्या अस्तराचा शेवटचा स्क्रू मी मारायचा नाही. आधी साताऱ्याला जायचं, फॉर्म भरायचा, पावती आणून दाखवायची, मग तो स्क्रू. त्या गंमत करत असाव्यात असं मला वाटलं. नव्हत्या.

लाँच काठावर ओढून लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. जुनं अस्तर उतरवायला मला आठ दिवस लागले. हार्डबोर्ड निघाला की आतल्या फासळ्या दिसायच्या, आणि फासळ्यांमागे बाहेरच्या फळ्या, काळसर, कोरड्या, वाजवल्या की टणटण बोलणाऱ्या. लाकूड उत्तम होतं. मात्र अस्तराचं जुनं काम मला गबाळं वाटलं. भिंतीचा हार्डबोर्ड खाली जमिनीला टेकलाच नव्हता. चार बोटं वरच संपवला होता. वर छताच्या कडेनं सलग फट ठेवली होती आणि बाकांखाली ओळीनं भोकं पाडली होती, जणू उंदरांनी केलेली. मी तात्यांना म्हणालो, "कुणी केलं वं हे काम? माप चुकलंय सगळं."

"दादांनी सोता उभं राहून करून घेतलंया ते," तात्या म्हणाले. दादा म्हणजे हवालदार. "लाकडाला वारं लागाया पायजे म्हणायचे."

मी मान हलवली आणि पुढे गेलो. ऐकलं नव्हतं असं नाही.

छताला रेक्झिन ताणायचं काम एकट्याचं नसतं. त्यासाठी आबा चार दिवसांसाठी आले. एवढं पाणी त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. लाँचच्या दारात उभं राहून ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आन आमी वडूजला टँकरच्या मागं पळतूय." मग चष्मा लावून, हातानं चाचपत, त्यांनी माझं काम तपासलं. प्लाय बसवला होता, फोम चिकटवला होता, रेक्झिन निळं आणि पांढरं, शिवणी सरळ. ते खूश झाले. मग त्यांचं बोट खालच्या चार बोटांच्या फटीवर गेलं. मी जुन्या मापानंच ती ठेवली होती.

"हे काय?"

"जुनं तसंच हुतं."

"जुनं तसं हुतं म्हणून आपन तसंच करायचं? धूळ जाईल आत."

तात्या बाहेर बिडी ओढत होते. ते आत डोकावले. "आवं पाव्हणं, तळ्याच्या मधी धूळ कुठली आनताय?"

"धूळ न्हाई तर वारं. आन पाणी उडतंय ते जाईल न्हवं आत? फट ती फटच."

"पाणी कुठनं बी जातंयच. गेल्यालं भायेर याया वाट पायजे," तात्या म्हणाले. "आमच्या दादांनी ठेवली हुती ती उगंच न्हवं."

आबांना राग आला. तीस वर्षांची कारागिरी होती त्यांची. आक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी दोघांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सुभाष, तू शिकल्याला हायस. तूच सांग काय करायचं."

आज मी तो क्षण पुष्कळ वेळा पुन्हा उभा करतो. मला काहीही माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात होत्या त्या सनावळ्या आणि तह. लाकूड ओलं होतं म्हणजे काय, ते सुकतं कसं, याचा एक धडाही मी कधी वाचला नव्हता. "मला म्हाईत न्हाई," एवढंच म्हणायचं होतं. पण आबा माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्यासमोर मला शिकलेला म्हटलं होतं. मी म्हणालो, "तात्या, शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर बंद केल्यालंच बरं. पाणी आतच जाणार न्हाई, तर भायेर यायचा प्रश्न कुठं येतोय?"

"शास्त्री बोलला," तात्या म्हणाले आणि बिडी टाकून निघून गेले.

आक्का म्हणाल्या, "कर मग."

आम्ही फटी बुजवल्या. आबांनी आणि मी. खाली प्लाय जमिनीपर्यंत आणला, कडेला लांबी भरली, वरून अॅल्युमिनियमची पट्टी मारली. वरची फट रेक्झिननं झाकली आणि सोल्यूशन लावून अशी चिकटवली की नख शिरू नये. बाकांखालची भोकं मी एकेक करून बंद केली, मन लावून. शेवटी आबांनी पांढरं फडकं काढलं आणि जमीन ते छत पुसलं. फडकं पांढरं निघालं. तेवढ्यासाठी तात्यांनासुद्धा बोलावून दाखवलं. मग मी साताऱ्याला जाऊन फॉर्म भरून आलो, आक्कांनी पावती उलटसुलट करून पाहिली, आणि मी दाराजवळचा शेवटचा स्क्रू मारला. तपासणीचे साहेब आले तेव्हा त्यांनी भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा! कोणी केलं हे?" आक्कांनी मला पुढे ढकललं. परवानगी मिळाली. पावसाळ्याच्या तोंडावर लाँच पाण्यात उतरली. मी पहिल्या फेरीला खिडकीशी बसलो होतो, निळ्या रेक्झिनला पाठ टेकून.

तिसरं वर्ष अभ्यासात गेलं. दिवाळीत आक्कांचा निरोप आला होता की लाँचमध्ये कुबट वास येतो, लोक नाक धरतात. मी फोनवर सांगितलं, उदबत्ती लावा, खिडक्या उघड्या ठेवा. मार्चमध्ये माझी परीक्षा सुरू झाली. दुसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी आक्का माझ्या खोलीवर आल्या. डब्यात ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, कुरडयाही तळून आणल्या होत्या. माझ्या पुस्तकांच्या ढिगाशेजारी त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मी जेवताना बघत राहिल्या. मी विचारलं, "लाँच काय म्हणतीया?"

"हाय की. काठाला हाय."

"लग्नाचा सीझन लागला आसंल आता."

"तू पेपर लिव. सीझन कुठं पळून जातोय."

त्यांच्या पिशवीत कागद दिसत होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं; सरकारी कामाचे अर्ज त्या नेहमी माझ्याकडून लिहून घ्यायच्या, माझं अक्षर चांगलं म्हणून. मी म्हणालो, काही लिहायचं असलं तर द्या. त्या म्हणाल्या, "काय न्हाई, रेशनचं हाय," आणि पिशवी पदराखाली घेतली. जाताना माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मी दार लावून पुन्हा पुस्तक उघडलं.

निकाल लागला तेव्हा मी आधी वडूजला गेलो, आबांच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून दोन किलो कंदी पेढे घेऊन जलाशयाकडे निघालो. अलीकडच्या काठावर दुसऱ्याच कुणाची तरी छोटी होडी होती. "हौसाआक्कांची लाँच?" मी विचारलं. होडीवाला म्हणाला, "ती थांबवल्याली हाय न्हवं. तुमास्नी म्हाईत न्हाई?"

पलीकडे उतरलो तर ती समोरच होती. त्याच ठोकळ्यांवर, काठाला. मी आत शिरलो. माझं काम जसंच्या तसं होतं. निळं रेक्झिन चमकत होतं, शिवणी सरळ होत्या, पट्टीचा एक स्क्रूही ढिला नव्हता. फक्त बाकाच्या वर एका जागी हातभर तुकडा चौकोनी कापलेला होता. तिथं तपासणीच्या साहेबांनी पेचकस दाबला होता. मी बोट घातलं. फळी होती तिथं ओल्या भाकरीसारखं काहीतरी लागलं, आणि बोट आत जातच राहिलं.

तात्या दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनीच मला सगळं सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी तपासणी झाली. पावसाळाभर माणसं ओल्या कपड्यांनी बसत होती, छपरातून थेंब झिरपत होता, ते सगळं फोमनं पिऊन धरून ठेवलं. बाहेर यायला वाट नव्हती. डाव्या बाजूच्या निम्म्या फळ्या आणि सात फासळ्या गेल्या होत्या. साहेबांनी विचारलं की हे असं हवाबंद कुणी केलं, त्याचं नाव द्या. आक्का म्हणाल्या, "मीच करून घेतलं. कारागिराचा काय दोष न्हाई." नंतर मुदत मागायला त्या साताऱ्याला गेल्या. कचेरीच्या दारात बसणाऱ्या माणसाकडून अर्ज लिहून घेतला. "तुज्याकडनं लिवून घेतला आसता तर तुला कळलं आसतं," तात्या म्हणाले. "मग तू परीक्षा टाकून हितं आला आसतास. मी म्हणालू हुतो तिला, कळू दे की त्याला! तर माज्याशी आठ दिस बोलली न्हाई."

मी काय केलं असेल? मी रेक्झिन फाडायला लागलो. पटाशीनं, पकडीनं, मग नुसत्या हातानं. पट्ट्या उचकटल्या, फोम ओढून काढला. तो पिळला की अजून पाणी निघत होतं, मार्चपासून उन्हात असूनही. मागच्या फळ्यांवर पांढरी बुरशी कापसासारखी उगवली होती. जिथं आम्ही लांबी सर्वांत चांगली भरली होती तिथं लाकूड सर्वांत जास्त कुजलं होतं. आबांच्या हाताची जागा आणि माझ्या हाताची जागा मला वेगवेगळी ओळखू येत होती. ते मला सर्वांत असह्य झालं.

"फाडून आता काय व्हनार रं गड्या?" तात्या म्हणाले. टोमणा नव्हता तो. "कोकणातला सुतार येऊन बघून गेलाय. म्हणतो, दुरुस्तीच्या पैशात नवी व्हईल. ऱ्हाऊ दे."

मी थांबलो नाही. मला दुसरं काही करता येत नव्हतं. तेवढ्यात आक्का आल्या. त्यांनी लाँचच्या आत एकदा पाहिलं, माझ्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं.

"पास झालास का?"

"व्हय."

"मग पेढं कुठं हायत?"

"आक्का, हे..."

"पेढं कुठं हायत म्हनते मी."

पिशवी दाराशी पडली होती. ती उचलून त्या धक्क्यावर गेल्या. होडीची वाट बघत दहाबारा माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. "आमचं पोरगं बी.ए. झालं," प्रत्येकाला सांगितलं. ज्यांची लाँच माझ्यामुळं बंद पडली होती, जे आता डोक्यावर किटल्या घेऊन होडीत बसत होते, त्या लोकांनी माझे पेढे खाल्ले आणि मला चांगलं म्हटलं. मी लाँचच्या दारात उभा राहून ते ऐकत होतो. त्या रात्री आक्कांनी तांदळाची खीर केली. मी ती खाली मान घालून खाल्ली. मला क्षमासुद्धा मागता आली नाही, कारण त्या तो विषय निघूच देत नव्हत्या.

ती लाँच पुन्हा पाण्यात उतरली नाही. इंजिन कुणीतरी नेलं, तात्या दुसऱ्याच्या लाँचवर नोकरीला राहिले, आक्कांनी शेवटपर्यंत म्हशी पाळल्या. आता त्या नाहीत. मला शिरवळला कारखान्यात नोकरी लागली आणि मी तिथंच स्थायिक झालो. आजही कुठल्या ऑफिसात, हॉटेलात भिंतीला लाकडी अस्तर दिसलं की मी वाकून खाली बघतो, फट ठेवली आहे का. माझी मुलगी इंजिनिअर आहे. तिनं एकदा मला दोन मिनिटांत समजावून सांगितलं की लाकडामागे हवा का खेळती लागते. दोनच मिनिटं लागली तिला.

नोकरीवर हजर होण्याआधी मी आक्कांना पत्र लिहिलं. असल्या गोष्टी टेकाडावर उभ्या असलेल्या माणसाशी फोनवर बोलता येत नाहीत. कच्चा मसुदा वहीत लिहून मग पक्कं करायची मला कॉलेजची सवय. तो मसुदा राहिला आहे, तो तसाच देतो.

तीर्थस्वरूप हौसाआक्कांस,

शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मी शिरवळला सुखरूप पोचलो. इथल्या एका कंपनीत टाइमकीपरची जागा मिळाली आहे. पदवीधर पाहिजे अशी अट होती. सोमवारी हजर व्हायचं आहे.

आक्का, फटी बुजवायचं मी ठरवलं. आबांनी नाही. त्यांनी त्यांना ठाऊक होतं ते सांगितलं, आणि तात्यांनी खरं सांगितलं. तुम्ही मला विचारलंत आणि मी माहीत नसताना उत्तर दिलं. मला तिथं शहाणा दिसायचं होतं. एवढंच कारण आहे, दुसरं मी शोधलं पण सापडलं नाही. हे पत्र पोस्टमन धक्क्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवील हे मला माहीत आहे. वाचू द्या.

सोबत वेगळा कागद आहे. त्यावर मी सही करून लिहिलं आहे की काम माझं होतं आणि चूक माझी होती. तो तपासणीच्या साहेबांना द्या. तुमच्या नावावर हे राहू नये.

सुतार परत आला तर त्याला सांगा, डाव्या बाजूच्या पुढच्या चार फासळ्या चांगल्या आहेत. मी पेचकस दाबून पाहिल्या. त्या कापू देऊ नका. छताच्या फळ्या मधल्या तीन सोडून सगळ्या शाबूत आहेत. मी काढलेले स्क्रू पत्र्याच्या डब्यात मागच्या बाकाखाली ठेवले आहेत. ते पितळी आहेत, टाकू नका. उजवी बाजू मी अर्धीच उघडली आहे. उरलेलं रेक्झिन पावसाच्या आत कुणाकडून तरी काढून घ्या, नाहीतर ती बाजूपण जाईल.

मी स्वतः येऊन काढलं असतं. पण पहिले सहा महिने रजा मिळत नाही असं कंपनीचे साहेब म्हणाले, आणि तोवर पाऊस होऊन गेलेला असेल. नोकरी सोडून येतो म्हटलं तर तुम्ही दारात उभं करणार नाही, हे मला माहीत आहे. मग मी काय करू, हे मला कळत नाही.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, पत्र लिहिशील तेव्हा नावापुढं बी.ए. लिहायला विसरू नकोस, लोकांना ऐकू दे. मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं. तुमचा शब्द मोडवत नाही, म्हणून लिहितो.

तुमचा,
सुभाष धोंडीराम इंगळे, बी.ए.